इंग्रजीचे अध्यापन आणि कथा : द्विभाषिक इसापापासून डिजिटल कथेपर्यंत

परकी भाषा शिकविण्यासाठी कथेचा उपयोग करावा, ही कल्पना नवी नाही. नवी आहेत ती साधने. छापील चित्र, ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, संगणक आणि त्यानंतर हातातील दूरध्वनी अशी साधनांची मालिका गेल्या तीन-चार शतकांत सिद्ध झाली आणि प्रत्येक साधनाच्या आगमनाबरोबर भाषाध्यापनाचे नवे युग सुरू झाल्याची घोषणाही झाली. या घोषणांचा इतिहास तपासला असता एक गोष्ट स्पष्ट होते. साधन बदलले की विद्यार्थ्याची भूमिकाही बदलते असे नाही. बहुतेक वेळा नव्या साधनाने जुनेच काम अधिक आकर्षक रीतीने केले आहे. इंग्रजी शिकविण्यासाठी आज ज्या 'डिजिटल कथा' वापरल्या जातात, त्यांचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर व्हावयास हवे.

'डिजिटल कथा' ही संज्ञा दोन भिन्न वस्तूंना लावली जाते, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. पडद्यावर दिसणारी, ध्वनीची जोड असलेली, दुसऱ्या कोणी तयार करून विद्यार्थ्यापुढे ठेवलेली कथा ही पहिली वस्तू. विद्यार्थ्याने स्वतः लिहून, स्वतःच्या आवाजात मुद्रित करून, चित्रांशी जुळवून सिद्ध केलेली लहानशी कथा ही दुसरी. सोयीसाठी पहिलीला 'दिलेली कथा' आणि दुसरीला 'रचलेली कथा' म्हणता येईल. पहिलीत विद्यार्थी श्रोता किंवा वाचक असतो. दुसरीत तो निवेदक असतो. या दोहोंची परंपरा वेगळी, कार्य वेगळे आणि फळही वेगळे. तथापि शिक्षणविषयक चर्चेत त्यांची सरमिसळ होते व एकीचे गुण दुसरीच्या पदरात टाकले जातात.

१. दिलेल्या कथेची पूर्वपीठिका

चित्र आणि शब्द यांची सांगड घालून भाषा शिकविण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयत्न म्हणजे कोमेनिअसचा 'ऑर्बिस सेन्सुअलिअम पिक्टस' हा १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे छापलेला ग्रंथ होय. त्यातील प्रत्येक चित्रातील वस्तूंना क्रमांक दिलेले असून त्या क्रमांकांच्या आधारे लॅटिन व जर्मन शब्द शिकविलेले आहेत. चार्ल्स हूल याने पुढच्याच वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती काढली. परंतु येथे कथा नाही. येथे जगाची सचित्र यादी आहे.

कथेचे माहात्म्य अधिक स्पष्टपणे ओळखले ते जॉन लॉक याने. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून सचित्र इसापनीती द्यावी, अशी शिफारस त्याने १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात केली आणि १७०३ साली त्याच इसापाच्या कथा इंग्रजी व लॅटिन ओळी एकीखाली एक छापून प्रसिद्ध झाल्या. ज्यांना शिक्षक उपलब्ध नाही, त्यांनाही या दोहोंपैकी कोणतीही भाषा शिकता यावी, हा या पुस्तकाचा उद्देश होता. कथा आधीच परिचयाची असली की अपरिचित भाषेचे ओझे हलके होते, हे तत्त्व येथे व्यवहारात आलेले दिसते. आजच्या द्विभाषिक पडदा-पुस्तकांचा पूर्वज शोधावयाचा झाल्यास तो येथे सापडेल.

मराठी गद्याच्या इतिहासातही या तत्त्वाचा एक महत्त्वाचा दाखला आहे. १८०० साली कलकत्त्यास स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविल्या जात आणि विल्यम कॅरी तेथे मराठीचेही अध्यापन करी. या अध्यापनासाठी वाचनग्रंथ हवे होते. वैजनाथ शर्मा या पंडिताने केलेली 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) व 'हितोपदेश' (१८१५) ही भाषांतरे श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली गेली, ती या गरजेतून. म्हणजे आरंभीच्या छापील मराठी गद्यातील ही कथापुस्तके मराठी माणसांच्या मनोरंजनासाठी नव्हती. मराठी ही परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी होती. पुढे मुंबई इलाख्यात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' भाग १ ही पुस्तके मराठीत आणली. त्यांपैकी दुसरे पुस्तक बर्किन या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींच्या इंग्रजी रूपावरून झाले. चौदा-पंधरा वर्षांच्या अवधीत कथेचा प्रवास असा दोन्ही दिशांनी झाला.

मात्र मराठी मुलगा इंग्रजी शिकू लागला तेव्हा त्याच्या वाट्यास कथा फारशी आली नाही. त्याला प्रामुख्याने व्याकरण, शब्दांचे पाठांतर आणि भाषांतर यांचा मार्ग धरावा लागला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही या मार्गाची महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध खूण होय. तिच्या साहाय्याने कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्यांनीही ती घरी बसून अभ्यासिली. तेव्हा तिचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु सुटे वाक्य हा तिचा घटक होता. त्या वाक्यास मागचापुढचा संदर्भ नसे. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा प्रश्नच उद्भवत नसे.

२. शब्दांचे पात्र आणि ग्रंथांचा पूर

विसाव्या शतकात कथेला इंग्रजीच्या अध्यापनात शास्त्रीय स्थान देण्याचे श्रेय मायकेल वेस्ट याला दिले पाहिजे, आणि त्याचे कार्य बंगालमध्ये, ढाका येथे झाले ही बाब विशेष लक्षणीय आहे. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या द्विभाषिकतेवरील आपल्या ग्रंथात त्याने एक रोखठोक प्रश्न विचारला. बहुसंख्य विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच शाळा सोडतात. मग अर्ध्यावर गळालेल्या मुलाच्या हाती काय उरते? विमापत्र मुदतीपूर्वी मोडले तर काही रक्कम परत मिळते, तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. तीच संज्ञा वेस्टने भाषाशिक्षणास लावली. मुलगा कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडला तरी त्याच्याजवळ काहीतरी उपयोगी शिल्लक उरले पाहिजे, आणि ते सर्वांत लवकर मिळते वाचनाने, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणून त्याने वाचनपाठांतील नव्या शब्दांची संख्या मोजून मर्यादित केली, ते शब्द अंतराअंतराने पेरले, आणि या मर्यादेत रंजक गोष्टी लिहिल्या व सुलभ करून घेतल्या. या विचाराची परिणती पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांच्या त्याच्या प्रसिद्ध यादीत झाली.

वेस्टच्या पद्धतीत कथा ही शब्द वाहून नेणारे पात्र होती. त्यानंतर रचनात्मक पद्धतीचा जोर झाला. १९५८ साली हैदराबाद येथे इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली, त्या काळात भारतात या पद्धतीचे वर्चस्व होते. वाक्यरचनांचा क्रम ठरवून त्या तोंडी घटविण्यावर तिचा भर असल्याने कथा पुन्हा गौण ठरली.

या गौणत्वाला जोरदार उत्तर मिळाले ते फिजी बेटांतून. तेथील ग्रामीण शाळांतील मुलांची मातृभाषा फिजियन किंवा हिंदी. इंग्रजी त्यांना केवळ शाळेत भेटे आणि शाळेत पुस्तके जवळजवळ नसत. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी आठ ग्रामीण शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांवर केलेला प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्या वर्गांना प्रत्येकी २५० सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तके देण्यात आली. तुलनेसाठी घेतलेल्या इतर वर्गांत नेहमीचा अभ्यासक्रम चालू राहिला. आठ महिन्यांनंतर कथा वाचणाऱ्या मुलांची वाचन व श्रवण यांतील प्रगती नेहमीच्या सुमारे दुप्पट वेगाने झालेली आढळली आणि वीस महिन्यांनंतर हा लाभ भाषेच्या इतर अंगांतही पसरलेला दिसला. या प्रयोगात कोणतेही यंत्र नव्हते. जे घडले ते मुबलक आणि मनोवेधक कथांनी घडले. डिजिटल कथेच्या समर्थनार्थ आज जे युक्तिवाद केले जातात, त्यांतील पुष्कळसे या कागदी पुस्तकांनी आधीच सिद्ध केले होते, हे विसरता येत नाही.

३. ध्वनी आणि पडदा

पुस्तकाला एक उणीव होती : ते बोलत नसे. ती भरून काढण्याचा प्रयत्न लिंग्वाफोन या १९०१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने केला. बी.बी.सी.ने १९४३ साली नभोवाणीवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. उच्चार, आघात आणि स्वराचे चढउतार यांचा आदर्श दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला. तथापि हे संभाषण एकतर्फी होते. नभोवाणी ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची सोय नव्हती.

संगणकाने चित्र, लिखित शब्द आणि ध्वनी एकत्र आणले. १९९२ साली ब्रॉडरबंड या अमेरिकन कंपनीने 'जस्ट ग्रँडमा अँड मी' हे मुलांचे चित्रपुस्तक सीडी-रॉमवर आणले. निवेदक वाचीत असता पडद्यावरील शब्द ठळक होत, चित्रातील वस्तूला स्पर्शकाने टोचले की ती हालचाल करी, आणि तीच कथा इंग्रजी, स्पॅनिश किंवा जपानी भाषेत ऐकता येई. लॉकच्या द्विभाषिक इसापाचेच हे सचेतन रूप म्हणावयास हरकत नाही. भारतात १९९६ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी दूरचित्रवाणीवरील चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतील ओळी दाखविण्याची कल्पना मांडली. तिचा मूळ हेतू साक्षरतेचा होता. पण ऐकू येणारा शब्द त्याच क्षणी डोळ्यांना दिसावा, हे तत्त्व पुढे मुलांच्या चलत्‌कथांतही वापरले गेले.

विपुलतेचा प्रश्न जाळ्याने सोडविला. दक्षिण आफ्रिकेतील सैद या संस्थेने २०१४ साली 'आफ्रिकन स्टोरीबुक' आणि बंगळूरच्या प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे खुल्या परवान्याचे कथासंग्रह सुरू केले. त्यांतील कथा कोणीही विनामूल्य वाचाव्या, छापाव्या आणि दुसऱ्या भाषेत आणाव्या, अशी मुभा आहे. स्टोरीवीव्हरवर मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांतील कथा आहेत. एकच कथा दोन भाषांत शेजारी ठेवून शिकविणे त्यामुळे सुलभ झाले आहे. फिजीत २५० पुस्तके पोहोचविण्यास जो खर्च आला असेल, तो येथे वाचला. परंतु विद्यार्थ्याची भूमिका पाहता अद्याप मोठे स्थित्यंतर झालेले नव्हते. तो वाचत होता, ऐकत होता, फार तर बोटाने चित्र हलवीत होता.

४. निवेदकाचे आसन

रचलेली कथा ही भाषाध्यापनाच्या क्षेत्रात जन्मलीच नाही. कॅलिफोर्नियात नाट्यक्षेत्रातून आलेले जो लँबर्ट, त्यांच्या सहकारी नीना मुलन आणि बहुमाध्यमी कलावंत डेना ॲचली यांनी १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जे केंद्र उभारले, त्यातून ही चळवळ वाढली. पुढे ते केंद्र बर्कलीस गेले. सामान्य माणसाने स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग स्वतःच्या आवाजात, घरातील छायाचित्रांच्या आधारे सांगावा, एवढेच तिचे स्वरूप होते. वेल्समध्ये डॅनियल मेडोज यांच्या मार्गदर्शनाखाली बी.बी.सी.ने २००१ साली 'कॅप्चर वेल्स' हा उपक्रम सुरू केला. सुमारे दोन मिनिटे, अडीचशेच्या आसपास शब्द आणि डझनभर छायाचित्रे, असे मेडोज यांनी घालून दिलेले माप होते.

या मापातच भाषाशिक्षणाचे रहस्य दडलेले आहे. विद्यार्थी प्रथम वर्तुळात बसून आपली गोष्ट तोंडी सांगतो. सहाध्यायी प्रश्न विचारतात. मग तो ती लिहितो, तासतो, अडीचशे शब्दांत बसवितो. मोठ्याने वाचून मुद्रित करतो. स्वतःचा आवाज ऐकून असमाधानी होतो व पुन्हा मुद्रित करतो. शिक्षकाने दहा वेळा वाचावयास सांगितले असते तर ज्या पाठाचा त्याला कंटाळा आला असता, तो पाठ तो आपण होऊन दहा वेळा वाचतो, कारण तो त्याचा आहे आणि कोणीतरी तो ऐकणार आहे.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मराठवाड्यातील आठवीच्या मुलीने पोळ्याच्या दिवसावर इंग्रजीत कथा रचावयाची आहे. खांदेमळणी, झूल, बेगड, पुरणपोळीचा नैवेद्य हे शब्द तिच्या अनुभवाचे आहेत. पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नाहीत. येथे तिला प्रथमच इंग्रजीची खरीखुरी गरज भासते. कोणता शब्द तसाच ठेवावा, कोणत्याचे वर्णन करावे, कोणता चित्रावर सोपवावा, याचा निर्णय तिला करावा लागतो. पाठ्यपुस्तकातील कथेत हा निर्णय दुसऱ्याने आधीच केलेला असतो. बैल विकावा लागल्याची गोष्ट तिने सांगितली, तर भूतकाळाची रूपे ती व्याकरणाच्या तक्त्यासाठी वापरीत नाही. घडून गेलेले सांगण्याचा दुसरा मार्ग नाही म्हणून वापरते.

५. मर्यादा

रचलेल्या कथेचे गुण सांगताना तिचे दोष झाकणे योग्य होणार नाही. मार्क इव्हान नेल्सन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बर्कली येथील, इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या बहुमाध्यमी रचना तपासल्या. चित्र व शब्द यांच्या संयोगाने लेखकाचा स्वतःचा स्वर समृद्ध होऊ शकतो, असे त्यांना दिसले. त्याचबरोबर श्रोत्यांना रुचेल तेच देण्याच्या ओढीने तो स्वर बोथट होतो, हेही दिसले. वर्गात या दुसऱ्या परिणामाचा अनुभव दुर्मिळ नसतो. जाळ्यावरून घेतलेली सुंदर चित्रे आणि करुण संगीत यांच्या आश्रयाने अत्यंत दरिद्री वाक्ये खपून जातात. चित्राने शब्दाला साथ द्यावी, त्याची जागा घेऊ नये, हा विवेक शिक्षकाला सतत जागवावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. जुळणीच्या तांत्रिक कामात तासामागून तास जातात आणि ते काम करताना विद्यार्थी आपसांत मातृभाषेतच बोलतात. मातृभाषेत बोलणे हा दोष नव्हे. कथेचा पहिला आराखडा मराठीतच व्हावा, हे अधिक स्वाभाविक आहे. दोष हा की इंग्रजीसाठी राखलेला वेळ इंग्रजीवाचून संपतो. तिसरी अडचण विषमतेची. ज्या घरात एकच दूरध्वनी आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर वा कामावर असतो, तेथील मुलाने संध्याकाळी काय करावे, हा प्रश्न २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा सर्वांनाच दिसला. चौथी अडचण अलीकडील आहे. २०२२ च्या अखेरीपासून सामान्यांच्या हाती आलेली भाषायंत्रे क्षणार्धात निर्दोष इंग्रजी कथा लिहितात. आवाज देणारी यंत्रेही उपलब्ध झाली आहेत. विद्यार्थ्याने विषय सांगावा आणि यंत्राने कथा रचावी, असे झाले तर तयार वस्तू कितीही सफाईदार असली, तरी निवेदकाच्या आसनावरून विद्यार्थी पुन्हा श्रोत्यांत जाऊन बसतो.

६. महाराष्ट्रापुढील प्रश्न

महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय सर्व शाळांत सुरू केला. इंग्रजी ही भारतात दुसरी भाषा आहे की परकी, असा वाद अभ्यासक करीत आले आहेत. प्रशासन, उच्च न्यायालये आणि विद्यापीठे यांच्या दृष्टीने ती दुसरी भाषा ठरेल. ज्या वस्तीत शाळेबाहेर तिचा एक शब्दही कानी पडत नाही, तेथील मुलाच्या दृष्टीने ती परकीच आहे. तेव्हा फिजीतील मुलांची स्थिती आणि त्याची स्थिती यांत फारसे अंतर नाही. त्याला दिलेल्या कथेची नितांत गरज आहे, आणि ती मुबलक हवी.

२०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय मंचामुळे पाठ्यपुस्तकांतील संकेतचौकटीवरून ध्वनिचित्रपाठ उघडणे शक्य झाले. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु अशा सोयींचे समर्थन करताना विद्यार्थ्याची सर्जनशीलता, आत्मविश्वास आणि अभिव्यक्ती यांचा जो उल्लेख होतो, तो वस्तुतः रचलेल्या कथेला लागू पडणारा आहे. पाहिलेल्या कथेने आकलन वाढते. अभिव्यक्ती वाढण्यासाठी सांगावे लागते. हा भेद पुसला गेला की खरेदी पहिल्या वस्तूची होते, अपेक्षा दुसऱ्या वस्तूची धरली जाते, आणि अपेक्षाभंगाचे खापर शेवटी शिक्षकावर किंवा विद्यार्थ्यावर फुटते. यात सर्वांत अधिक हानी होते ती अशा विद्यार्थ्याची, ज्याला इंग्रजी समजते पण बोलण्याचा धीर होत नाही. तो महाविद्यालयात येतो, पदवी घेतो आणि तरीही त्या भाषेत स्वतःविषयी चार वाक्ये सांगताना अडखळतो.

वेस्टचा प्रश्न येथे पुन्हा उपयोगी पडतो. मुलाने अर्ध्यावर शाळा सोडली तर त्याच्या हाती काय उरते? वेस्टच्या काळात, पुस्तके दुर्मिळ आणि शिक्षक अपुरे असता, 'वाचता येणे' हे उत्तर रास्त होते. आज त्यात भर घालणे शक्य झाले आहे. आपल्या जीवनातील एक घटना दोन मिनिटांत, आपल्या उच्चारात, परक्याला समजेल अशी सांगता येणे, ही पुंजी कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याजवळ राहू शकते. तिच्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. वर्गात एक दूरध्वनी असला तरी मुद्रण होते, आणि छायाचित्रांच्या जागी हाताने काढलेली चित्रे चालतात. लागते ते ऐकून घेणारे वर्तुळ आणि पहिला मसुदा लाल शाईने न रंगविता त्यावर प्रश्न विचारणारा शिक्षक.

फोर्ट विल्यमच्या पंडिताने इंग्रज विद्यार्थ्यांसाठी मराठीत कथा आणली. छत्र्यांनी मराठी मुलांसाठी इंग्रजीतून कथा आणली. दोन्ही वेळा कथा निवडणारा आणि सांगणारा विद्यार्थी नव्हता. मराठी विद्यार्थ्याची स्वतःची कथा त्याने स्वतः इंग्रजीत नेणे, हा त्या व्यवहाराचा बाकी राहिलेला भाग होय. डिजिटल साधनांनी तो पुरा होईलच असे नाही; तो सुकर मात्र केला आहे. दिलेली कथा त्याला भाषा पुरवील आणि रचलेली कथा त्या भाषेचा त्याला धनी करील. अभ्यासक्रमात दोहोंची जागा आणि दोहोंचा वेळ वेगवेगळा नेमून देणे, हे पुढील काम आहे.